पाँडिचेरीत उतरायचं कुठे?

चेन्नईहून निघालेली रात्रीची बस भल्या पहाटे पाँडिचेरीत आणून सोडते आणि खोलीचा ताबा मिळतो दुपारी बाराला. मधले सात-आठ तास उतारूनं काय करायचं, हा प्रश्न हॉटेलवाल्याचा नसतो. पहिल्या खेपेला मी असाच पाठपिशवी घेऊन तमिळ वस्तीतल्या एका गल्लीत शिरलो आणि एका बंद दाराबाहेरच्या ओट्यावर टेकलो. सहाच्या सुमारास दार उघडलं. एक आजी बादली घेऊन बाहेर आल्या, त्यांनी अंगण शिंपलं, तांदळाच्या पिठाचा कोलम काढायला घेतला. परका माणूस आपल्या दाराशी बसलाय याचं त्यांना काहीच वाटलं नाही. मी घाईघाईनं उठायला लागलो, तर हातानं खाली बसायची खूण करून म्हणाल्या, "उक्कारुंगो." बसा. कोलम पुरा झाला, त्या आत गेल्या आणि पितळी पेल्यातून कॉफी आली.

त्या ओट्याचं नाव तिण्णै. पुढे दुपारी मला जी खोली मिळाली तिचं भाडं बऱ्यापैकी होतं, पण त्या गावात माझा खरा पहिला मुक्काम तिण्णैवरचाच. पाँडिचेरीत 'वैशिष्ट्यपूर्ण' जागी राहायचं म्हणून लोक आज जे शोधत असतात, त्याचं मूळ मला त्या दगडी ओट्यात दिसतं. हा मागोवा तिथूनच.

दाराच्या दोन्ही बाजूंना कमरेइतका उंच, चुन्यानं घोटून गुळगुळीत केलेला कट्टा. वर लाकडी खांबांनी तोललेलं उतरतं छप्पर. काही घरांत कट्ट्याच्या एका टोकाला बांधीव उतार असतो, उशीसारखा. म्हणजे घर बांधणाऱ्यानं गवंड्याला सांगितलेलं असतं की इथे कुणीतरी अनोळखी माणूस डोकं टेकणार आहे. या कट्ट्याच्याही पुढे, थेट रस्त्याच्या अंगाला, आणखी एक छपराची पट्टी काढलेली असे. ती ताळवारम. वाटसरूला ऊन-पाऊस लागू नये एवढ्यासाठीच ती. ओळीनं सगळ्या घरांना ताळवारम असला की गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावलीतून चालत जाता येई. आपल्या कोकणातली पडवी आणि देशावरची ओसरी यांचं नातं तिण्णैशी आहे. फरक एवढाच की आपल्याकडे मध्ये अंगण येतं, तमिळ घर रस्त्यालाच बिलगून बसतं.

तिण्णै सगळ्यांसाठी होती असं म्हणून गहिवरून जायचं कारण नाही. कुणी तिच्यावर झोपायचं, कुणी नुसतं टेकायचं आणि कुणी त्या गल्लीतही यायचं नाही, हे जातीनं ठरलेलं होतं. तरीही, खासगी घराचा दर्शनी भाग परक्यासाठी राखून ठेवायचा, ही कल्पना त्या काळात घराच्या बांधणीतच होती, हे मोठंच.

तिण्णै एका रात्रीची. त्याहून लांबचा प्रवास असेल, काशीहून रामेश्वरला निघालेला यात्रेकरू असेल, तर छत्रम. संस्कृत 'सत्र'चं हे तमिळ रूप, आपल्या अन्नछत्रातलं 'छत्र' तेच. आणि इथे मराठी वाचकानं जरा थांबावं, कारण कावेरीच्या मुलुखातली मोठमोठी छत्रं तंजावरच्या भोसल्यांनी बांधलेली आहेत. राण्यांच्या आणि राजस्त्रियांच्या नावांनी ती ओळखली जातात: नीडामंगलमचं यमुनांबा छत्रम, ओरत्तनाडूचं मुक्तांबा छत्रम. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला एक पत्र लिहिलं होतं. छत्रांची जमीन आणि उत्पन्न आपल्या हातून काढून घेऊ नये, अशी त्यात विनवणी होती, आणि ती करताना छत्रात काय काय चालतं याचा तपशील राजांनी दिला. आल्या-गेल्याला जातपात न पाहता अन्न, आजारी पडेल त्याला औषधपाणी, पोरक्या मुलांना शिक्षण, वाटेत दिवस भरलेल्या बाईची काळजी. राज्य गेलेला राजा हॉटेलं वाचवायला भांडतोय, असं त्याकडे पाहिलं तर त्या पत्राची करुणा कळते.

तिसरा शब्द चावडी. आपल्याकडे ती पाटील-कुलकर्ण्याची, तिथे सारा भरायचा. तमिळ-तेलुगू मुलुखात ती वाटसरूच्या विसाव्याचीही होती आणि न्यायनिवाड्याचीही. युरोपियनांच्या कागदांत ती 'चौल्ट्री' होऊन बसली. फ्रेंचांच्या पाँडिचेरीत तर न्यायकचेरीलाच ते नाव होतं. निजायची जागा आणि फिर्याद मांडायची जागा यांना एकच शब्द पुरावा, यात मला तरी काही विसंगत वाटत नाही. दोन्हीकडे परका माणूस दाद मागायलाच येतो.

पण या गावात परका माणूस आला तो मुळात वाऱ्यावर. पाँडिचेरीच्या दक्षिणेला चारेक किलोमीटरवर अरिकमेडू आहे. १९४५ साली मॉर्टिमर व्हीलरनं तिथे खणलं, तेव्हा इटलीतली तांबडी भांडी आणि भूमध्य समुद्राकडच्या मद्याचे दोन कानांचे रांजण हाती लागले. ख्रिस्तोत्तर पहिल्या-दुसऱ्या शतकातला ग्रीक-रोमन व्यापार. वाऱ्याची दिशा बदलेपर्यंत परतीचा प्रवास नाही, म्हणून व्यापाऱ्याला महिनोन्महिने मुक्काम ठोकावा लागे. त्यांच्या खोल्या कशा होत्या ते सांगायला कुणी उरलेलं नाही. फुटके रांजण उरलेत.

नैसर्गिक बंदर इथे कधीच नव्हतं. जहाज दूर नांगरायचं आणि माणसं काथ्यानं शिवलेल्या मसुला होड्यांतून लाटा फोडत किनाऱ्याला आणायची. मराठीत प्रवासी गावात 'उतरतो'. कुठे उतरलात, असं आपण विचारतो. पाँडिचेरीपुरता तो शब्द कित्येक शतकं अक्षरशः खरा होता: होडीतून, बहुधा भिजलेल्या कपड्यांनिशी.

फ्रेंच असे उतरले ते १६७३ साली. हा मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीचा आणि जागा दिली ती तिचा सुभेदार शेरखान लोदी यानं. पुढच्याच वर्षी फ्रांस्वा मार्तँ आला आणि मरेपर्यंत, म्हणजे १७०६ पर्यंत, या गावाशी बांधला गेला. मार्तँला रोजनिशीची सवय होती. म्हणूनच १६७७ साली शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाला आले तेव्हाची हकीकत एका शेजाऱ्याच्या नजरेनं लिहिलेली आपल्याला वाचायला मिळते. जिंजीचा किल्ला महाराजांच्या ताब्यात गेला, शेरखानाचा पाडाव झाला. ज्याच्या परवानगीनं आपण राहतो तो घरमालकच उखडला गेल्यावर भाडेकरूचं जे होतं ते मार्तँचं झालं. त्यानं जेर्मँ नावाचा आपला माणूस कोळ्ळिडम नदीकाठच्या मराठी छावणीत पाठवला.

जेर्मँनं परत येऊन जे सांगितलं ते मार्तँनं टिपून ठेवलंय. छावणीत कसला डामडौल नाही. बायका नाहीत, सामानसुमानाचा पसारा नाही. तंबू दोनच, तेही जाड्याभरड्या कापडाचे आणि लहान: एक महाराजांचा, एक त्यांच्या प्रधानाचा. अकरा वर्षांपूर्वी आग्र्याची मुघली शान पाहून आलेला छत्रपती कोळ्ळिडमच्या काठी अशा तंबूत उतरला होता. फ्रेंचांना अभय मिळालं, पाँडिचेरीत राहायची मुभा मिळाली. आजच्या त्या सुंदर फ्रेंच गल्ल्यांचा भाडेपट्टा, म्हणायचं तर, त्या ठेंगण्या तंबूत कायम झाला. पाँडिचेरीत फिरताना कुठलाही वाटाड्या हे सांगत नाही. कुठल्या हॉटेलच्या माहितीपत्रकातही मला ते आढळलं नाही.

पुढची गोष्ट आपल्यासाठी जरा अवघड आहे. औरंगजेबाच्या फौजा रायगड घेतात, राजाराम महाराज वेश पालटून जिंजीला पोचतात, आणि आठ वर्षं वेढ्यात बसतात. पैशाची चणचण इतकी की जे होतं ते विकायचं. विकण्यासारख्या गोष्टींत पाँडिचेरी होती. डचांनी जिंजीच्या दरबाराकडून तिचा हक्क विकत घेतला आणि १६९३ साली तोफा आणून फ्रेंचांना हुसकावलं. ज्यांना बापानं अभय दिलं त्यांचं गाव मुलानं विकलं. वेढ्यातल्या माणसाला नावं ठेवणं सोपं असतं, म्हणून मी ठेवत नाही.

डच इथे सहाच वर्षं टिकले. रिस्विकच्या तहानं १६९९ साली गाव फ्रेंचांकडे परतलं. पण त्या सहा वर्षांत डचांनी एक काम केलं: नव्या शहराचा नकाशा काढला. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते, चौकोनी आखणी. १६९४चे ते डच नकाशे इतिहासकार झां दलोश यांनी अभ्यासून मांडले, आणि पाँडिचेरीची प्रसिद्ध 'फ्रेंच' आखणी मुळात डचांची असल्याचं दाखवून दिलं. तेव्हा सायकल भाड्यानं घेऊन रू द्युमा आणि रू स्युफ्रेनवर कुणी पॅरिसची आठवण काढली, तर हसू दाबावं.

दुसरा भ्रम घरांच्या वयाचा. 'सतराव्या शतकातला फ्रेंच वाडा' अशी जाहिरात कुठे दिसली तर ती खुशाल सोडून द्यावी. इंग्रजांनी १६ जानेवारी १७६१ रोजी पाँडिचेरी घेतली आणि मग ठरवून, पद्धतशीरपणे पाडली. त्याआधी फ्रेंचांनी कडलूरचा इंग्रजी किल्ला जमीनदोस्त केला होता, त्याचं उट्टं काढलं. किल्ला गेला (आजचं भारती पार्क त्याच जागी आहे), तट गेला, गव्हर्नर दुप्लेक्सचा दिमाखदार प्रासाद गेला. १७६५ साली गाव परत मिळाल्यावर झां लॉ या गव्हर्नरानं त्याच जुन्या रेषांवर पुन्हा बांधायला घेतलं. म्हणजे समुद्राकडच्या गोऱ्या वस्तीतलं जे काही 'जुनं' ते फार तर त्या सालानंतरचं, आणि बरंचसं एकोणिसाव्या शतकातलं.

त्याहून जुनं पाहायचं तर दोन वस्त्यांमधला कालवा ओलांडून पलीकडे जावं लागतं. दुप्लेक्सचा दुभाष आनंद रंग पिळ्ळै याचा वाडा तमिळ भागात आहे, १७३८च्या सुमाराचा. पिळ्ळै हा मोठा दैनंदिनीकार. १७३६ पासून पंचवीस वर्षांचा बाजारभाव, राजकारण, अफवा आणि स्वतःचे मानपान त्यानं तमिळमध्ये लिहून ठेवलेत. गाव पडण्याच्या चारच दिवस आधी तो वारला. वाडा मात्र टिकला. त्याचा तळमजला तमिळ आहे, नक्षीदार लाकडी खांबांचा. माडी फ्रेंच आहे, गोल गिलाव्याच्या खांबांची. दुभाषाचं घरही दोन भाषा बोलतं. पुढे हा पाँडिचेरीचा एक ढंगच झाला: खाली तिण्णै, ताळवारम, आत आभाळाला उघडा चौक, ज्याला मुट्रम म्हणतात, वर मात्र कमानी खिडक्या, झडपांची दारं आणि कठड्याची गच्ची. गोऱ्या वस्तीतलं घर याच्या उलट वागतं. रस्त्याला कोरी भिंत आणि भलंमोठं फाटक. बाग, व्हरांडा, खांब, सगळी शोभा आत. एक घर परक्याला दाराशी बसवतं, दुसरं त्याला भिंत दाखवतं. मधला कालवा दोन्ही वस्त्यांना वेगळं ठेवायला होताच. आता त्याचा नाला झालाय.

एकोणिसाव्या शतकावर रेंगाळण्यासारखं या विषयात फार नाही. लोखंडी धक्का १८६६ साली झाला, म्हणजे होडीतून भिजत उतरणं संपलं. (तो धक्का १९५२च्या वादळात मोडला, त्याचे खांब पुढे बरीच वर्षं पाण्यात दिसत.) विळुप्पुरमहून रेल्वे १८७९ साली आली. साहेबासाठी एखाद-दुसरं हॉटेल, देशी माणसासाठी छत्रम, नातलग असेल त्याला नातलग.

मग १९०८ ते १९१० या तीन वर्षांत गावाला एक नवाच पाहुणा मिळाला: फरारी. इंग्रजांचं वॉरंट फ्रेंच हद्दीत चालत नसे. टिळकांच्या जहाल पक्षाचा तमिळ देशातला बिनीचा माणूस, कवी सुब्रमण्य भारती, १९०८ साली इथे आला आणि दहा वर्षं राहिला. ईश्वरन धर्मराज कोविल रस्त्यावरचं त्याचं भाड्याचं घर आता स्मारक आहे. ४ एप्रिल १९१० रोजी 'द्युप्ले' नावाच्या बोटीनं, खोट्या नावावर तिकीट काढून, अरविंद घोष उतरले. बडोद्याला सयाजीरावांच्या नोकरीत तेरा वर्षं काढलेले, मराठी जाणणारे, विष्णु भास्कर लेले यांच्याकडून ध्यान शिकलेले अरविंदबाबू. आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात व. वे. सु. अय्यर आले, लंडनच्या इंडिया हाउसमधले सावरकरांचे सोबती. जुलैत सावरकरांनी मार्सेलिसला समुद्रात उडी घेऊन फ्रेंच भूमी गाठली होती आणि पहारेकऱ्यांनी त्यांना तिथून उचलून परत बोटीवर नेलं होतं. फ्रान्सच्या भूमीवर जो आसरा सावरकरांना मिळाला नाही, तो तीन महिन्यांनी त्यांच्या मित्राला पाँडिचेरीत मिळाला.

हे लोक उतरले कुठे? हॉटेलात नक्कीच नाही. अरविंदांना पहिले सहा महिने कलवै शंकर चेट्टी यांनी कोमुट्टी रस्त्यावरच्या आपल्या घरात वरच्या मजल्यावर ठेवून घेतलं. त्यानंतर एक भाड्याचं घर, मग दुसरं, मग तिसरं. 'बिऱ्हाड' हा आपला शब्द इथे नेमका लागू पडतो, सामान थोडं आणि घरमालक धास्तावलेला. समोरच्या गल्लीत ब्रिटिशांचे गुप्त पोलीस खोली घेऊन बसलेले. एकदा तर अय्यरांच्या घराच्या विहिरीत कुणीतरी राजद्रोही कागदांनी भरलेला डबा टाकला, म्हणजे झडतीत तो सापडावा. पाणी शेंदताना तो आधीच हाती लागला आणि या मंडळींनी स्वतःच फ्रेंच पोलिसांना कळवून डाव उलटवला. जुन्या घरात चौक आणि विहीर असावी असं वाटणाऱ्यांनी ही हकीकत लक्षात ठेवावी.

१९१३ साली अरविंद ज्या घरात गेले त्याचा पत्ता ४१, रू फ्रांस्वा मार्तँ. तोच मार्तँ, तंबूंची हकीकत लिहिणारा. १९१४च्या मार्चअखेर मीरा रिशार त्यांना पहिल्यांदा भेटल्या त्या याच घरात. पुढे त्या जपानहून परतल्यावर दुसरीकडे राहत होत्या. १९२०च्या नोव्हेंबरात मोठं वादळ झालं, त्यांचं छप्पर गळायला लागलं, आणि अरविंदांनी त्यांना इकडे राहायला बोलावलं. त्या परत गेल्या नाहीत. याच मीरा पुढे अरविंद आश्रमाच्या माताजी झाल्या; त्यांचा मुक्काम एका गळक्या कौलामुळे ठरला. त्या घराला आश्रमात आजही 'गेस्ट हाउस' म्हणतात.

पाँडिचेरीतली मला सर्वांत आवडणारी निवासाची इमारत आश्रमाचीच आहे, आणि तिथे तुम्हाआम्हाला खोली मिळत नाही. तिचं नाव गोलकोंड. हैदराबादचे दिवाण अकबर हैदरी यांच्या खटपटीनं निजामाकडून देणगी मिळाली, म्हणून हिऱ्यांच्या खाणींचं हे नाव. टोकियोत फ्रँक लॉइड राइटच्या हाताखाली काम केलेला वास्तुकार अँटोनिन रेमंड यानं आराखडा केला. जॉर्ज नाकाशिमा आणि फ्रांस्वा सामेर यांनी जागेवर राहून ते काम पुढे नेलं. सुरुवात १९३७ची. लोखंडी सळ्या आणि सिमेंटचा ओतीव सांगाडा, त्या काळात हिंदुस्थानात नवलाईचा. काचेची खिडकी एकही नाही. अख्खी दक्षिण आणि उत्तर बाजू आडव्या फिरत्या पट्ट्यांची, हाताने फिरवल्या की वारा हवा तेवढा आत. खोल्यांना सरकती सागवानी दारं. भिंतींना शिंपल्यांच्या चुन्याचा घोटीव गिलावा, तिण्णैला असतो तसलाच. वातानुकूलनाशिवाय पाँडिचेरीचा मे महिना काढता येतो हे या इमारतीनं दाखवून दिलं, आणि नंतरच्या कुठल्याही हॉटेलानं ते ऐकलं नाही.

फ्रेंचांनी १ नोव्हेंबर १९५४ रोजी कारभार सोडला. अधिकारी गेले, गोऱ्या वस्तीतली मोठी घरं सरकारी कचेऱ्यांना, आश्रमाला आणि कुलपांना मिळाली. १९६२च्या कायदेशीर हस्तांतरानंतर इथल्या कित्येक तमिळ कुटुंबांनी फ्रेंच नागरिकत्व घेतलं, पोरं पॅरिसला गेली, घरं म्हाताऱ्यांकडे राहिली. परगावचा माणूस यायचा तो आश्रमाच्या अतिथिगृहात: स्वच्छ, स्वस्त, बिडी-दारू बंद आणि रात्री ठरल्या वेळी फाटकाला कुलूप. अजूनही ही सोय आहे. समुद्रासमोरच्या त्या साध्या खोल्यांबद्दल माझं मत फार चांगलं आहे.

'हेरिटेज' हा शब्द आला तो २०००च्या सुमारास. राजस्थानात पडका नीमराणा किल्ला हॉटेल करून दाखवणाऱ्या अमन नाथ आणि फ्रान्सिस वाक्झियार्ग यांनी इथला एक जुना वाडा घेतला आणि 'ओतेल द लोरियाँ' सुरू केलं. त्या वाड्यात पूर्वी शिक्षण खातं होतं. दर्शनी भिंतीवरची त्याची फ्रेंच अक्षरं त्यांनी खोडली नाहीत. हा शहाणपणा. पुढे गल्लीगल्लीत वाडे उघडले, आणि काही काळानं तमिळ भागातही पेरुमाळ कोविल रस्त्यावर 'मेझाँ पेरुमाळ'सारखी दोन चौकांची घरं पाहुण्यांना मिळू लागली. इकडे 'इंटॅक' ही संस्था युरोपीय संघाच्या मदतीनं, इटलीतल्या उर्बिनो आणि फ्रान्समधल्या व्हिलनव्ह-स्युर-लो या गावांच्या जोडीनं, वैश्याळ रस्त्यावरच्या घरांचे दर्शनी भाग दुरुस्त करत होती. मोडलेले ताळवारम पुन्हा उभे राहिले, अंगावर आलेले सिमेंटचे तुकडे निघाले. त्या कामाचं कौतुक गोऱ्या वस्तीतल्या पिवळ्या भिंतींइतकं कधी झालं नाही.

सगळंच वाचलं असं नाही. नगरपालिकेची समुद्रकाठची १८७०च्या सुमाराची देखणी इमारत, 'मेरी', २०१४च्या पावसात एका दुपारी कोसळली. आज दिसते ती २०२१ साली उघडलेली नवी प्रतिकृती आहे. वाळूही गेली. १९८०च्या दशकात बंदरासाठी बांध घातले, किनाऱ्यालगत वाहत येणारी वाळू त्यांनी अडवली आणि पुळणीच्या जागी काळे दगड आले. पाण्याखाली बांध घालून थोडीशी पुळण अलीकडे परत आणलीय. समुद्राच्या गावात समुद्रात पाय भिजवायची सोय सरकारला परत बांधावी लागली.

माझ्या एका खेपेची तक्रार सांगतो. गोऱ्या वस्तीतली खोली, वर्णनात 'मूळ अठराव्या शतकातली'. छत खोटं होतं, प्लास्टरचं. बाथरूमच्या दुरुस्तीसाठी त्यातला एक चौकोन निघाला होता, म्हणून वर डोकावलो. वर मूळ मद्रास गच्ची शाबूत होती: सागाच्या तुळया, त्यांच्यावर तिरक्या रचलेल्या बारक्या विटा, चुन्याचा रंग. वातानुकूलन यंत्राच्या नळ्या लपवायला ती झाकली होती. मी ज्याचे पैसे दिले ते माझ्या डोक्यावर दोन हात वर होतं, आणि मला दिसू नये अशी व्यवस्था केलेली होती.

तेव्हापासून खोली निवडताना मी फोटोत बिछाना बघत नाही. छत बघतो. चौक उघडा आहे की त्यावर पत्रा घातलाय ते बघतो. घरातली माणसं घरात राहतात का, हे विचारतो, कारण कोकणातल्या 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' या पाटीमागे जशी एखादी काकू असते तशी इथेही असली तर सकाळी इडली ताजी मिळते. आणि कालव्याच्या पश्चिमेला राहतो. संध्याकाळी समुद्राकडे पंधरा मिनिटं चालत जाता येतं. रात्री परत येताना देवळाची घंटा, मशिदीची बांग आणि मिशन स्ट्रीटची गर्दी ओलांडून यावं लागतं. जिंजीही जोडून करावी: किल्ला सत्तरेक किलोमीटरवर आहे, आणि २०२५ साली युनेस्कोनं मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा तो एकटाच.

पण आरक्षण करण्याआधी एक फोन करा आणि विचारा: घराला तिण्णै आहे का, आणि तिच्यावर लोखंडी जाळी बसवलीय का? बहुतेक ठिकाणी बसवलेली असते; चोरी, कुत्री, रात्रीचे दारुडे अशी कारणं सांगतात आणि ती खोटी नसतात. जिथे बसवलेली नाही तिथे उतरा. आणि पहाटे कुणी पाठपिशवीवाला बाहेर बसलेला दिसला, तर त्याला उठवू नका. त्याची खोली बाराला मिळायची असेल.